डीफोर्ड बेली आळशी नव्हते, आणि मुलाखती म्हणजे गप्पा नव्हेत

माझी भाची अमेरिकेतल्या जुन्या कंट्री (तिथल्या ग्रामीण ढंगाच्या संगीतातल्या) कलाकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींवर कॉलेजचा प्रकल्प करतेय. परवा तिला कुणीतरी ती सध्या फिरणारी लांबलचक पोस्ट पाठवली आणि तिने मला विचारलं, "मामा, विषय बदलू का?" पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: कंट्री संगीत 1927 साली अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात जन्मलं, ते निखळ गोऱ्यांचं, त्याचा सगळा इतिहास रेकॉर्डवर आहे, आणि म्हाताऱ्या कलाकारांच्या मुलाखती म्हणजे वेळ घालवायच्या गप्पा. वर पुरावा म्हणून डीफोर्ड बेलींचं उदाहरण: "आळशी होता, डझनभरच चाली येत होत्या, म्हणून काढला. नंतर मुलाखतीत रडगाणं गायला."

हे वाचून डोकं फिरलं. म्हणून आधी बेलीच.

बेली कृष्णवर्णीय, जन्म 1899. लहानपणी पोलिओ झाला. माऊथ ऑर्गनवर आगगाडी अशी काढायचे की ती दुरून येते, अंगावरून जाते आणि लांब विरत जाते, हे डोळे मिटूनही कळावं. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचे ते सुरुवातीचे लाडके वादक होते. 1941 मध्ये त्यांना काढलं. ऑप्रीचे संस्थापक जॉर्ज हे (Hay) यांनी 1945 च्या आपल्या पुस्तिकेत लिहिलं की बेली आळशी, डझनभर चालींपलीकडे काही शिकायला तयार नव्हते. पोस्टवाल्याने तेच उचललंय. कार्यक्रमाच्या कर्त्याधर्त्याने छापलं ते 'कागदोपत्री', आणि ज्याला हाकललं त्याने सांगितलं ते 'रडगाणं'!

बेली पुढे नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिले. 1970 च्या दशकात शहराच्या गृहनिर्माण खात्यात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्टन यांची त्यांच्याशी ओळख झाली. हळूहळू विश्वास बसला, बेली बोलू लागले, वाजवू लागले, आणि मॉर्टननी ते टेपवर घेतलं. त्यातूनच मॉर्टन आणि चार्ल्स वुल्फ यांनी 1991 मध्ये बेलींचं चरित्र प्रसिद्ध केलं. मला या वादात तेवढं एक पुस्तक पुरेसं वाटतं.

त्यातून कळतं ते असं. 1941 मध्ये गाण्यांच्या हक्कांचे पैसे वसूल करणाऱ्या आस्कॅप या संस्थेशी रेडिओ कंपन्यांचं भांडण पेटलं आणि आस्कॅपकडे नोंदलेल्या चाली प्रसारणातून बंद झाल्या. बेलींच्या गाजलेल्या चाली त्यातच अडकल्या. त्याच त्या चाली वाजवून आपणही कंटाळलो होतो, पण वर्षानुवर्षं मागणी त्यांचीच व्हायची, हे बेली स्वतः सांगतात. आणि डझनभर चालींचं म्हणाल, तर मॉर्टनच्या टेपवर सत्तरी ओलांडलेले बेली माऊथ ऑर्गन तर वाजवतातच, शिवाय बँजो आणि गिटारही वाजवतात. शाळेत जाताना रेल्वेपुलाखाली उभं राहून गाडीचा आवाज कसा कानात साठवायचे, तेही सांगतात. आळशी माणूस असं करतो?

"रेकॉर्ड आहेत ना!" या मुद्द्याचा निकाल इथेच लागतो. बेली पंधरा वर्षं रेडिओवर वाजवत होते, पण त्यांच्या बाजारात आलेल्या रेकॉर्ड मोजक्याच. प्रसारण थेट व्हायचं आणि हवेत विरायचं.

गोऱ्यांचं संगीत? गाजलेल्या कार्टर कुटुंबाच्या गायनसंचातले ए. पी. कार्टर डोंगराळ भागात गाणी गोळा करत हिंडायचे, तेव्हा सोबत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक असायचे. कार्टर शब्द टिपून घेत, चाल रिडल लक्षात ठेवत. रेकॉर्डच्या लेबलवर रिडल यांचं नाव नाही. 1960 च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक माइक सीगर यांनी त्यांना शोधून काढलं आणि ध्वनिमुद्रित केलं, म्हणून आज त्यांचं वादन आपल्या कानावर पडतं.

1927 चा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स या दोघांचं पहिलं ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर यांनी त्या उन्हाळ्यात ब्रिस्टललाच केलं. पण 'एक' (Eck) रॉबर्टसन या वादकाचं फिडल (व्हायोलिन) 1922 मध्ये न्यूयॉर्कला आणि फिडलिन जॉन कार्सन यांचं गाणं-वादन 1923 मध्ये अटलांटाला रेकॉर्ड झालं होतं. मग जन्म कसला?

म्हातारपणी आठवणी चुकतात, हेही खरं. सालं इकडची तिकडे होतात, स्वतःचा मोठेपणा शिरतो. म्हणून तर अभ्यासक मुलाखत रेकॉर्ड कंपन्यांच्या नोंदवह्यांशी ताडून बघतात. जॉर्ज हे यांची पुस्तिका मात्र पोस्टवाल्याने कशाशी ताडून पाहिली?

"सगळं इंटरनेटवर आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा जुनी ॲसिटेटची टेप हुंगून बघावी. खराब व्हायला लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी आकसते आणि मग वाजवणंच अवघड होतं. वेळेत डिजिटल प्रत केली नाही तर ती इंटरनेटवर येणार कुठून?

बेलींना 2005 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. ज्यांनी ही पोस्ट पुढे ढकलली त्यांनी निदान 'आळशी' हा शब्द असलेला परिच्छेद चुकीचा आहे, एवढं त्याच ग्रुपवर लिहावं.