‘भूकंपरोधक’ म्हणजे नेमकं किती?

लेखात म्हटलंय की नव्या टॉवरांत आरसीसी शिअर वॉल (भूकंपाचा आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) असतात, मग भूकंपाची काळजी नको. इतकं सोपं नाही हो. भिंत टिकेल की पडेल, असा सरळ हिशेब नसतो. जमिनीला अमुक इतका हादरा बसला तर तडे जाण्याची शक्यता किती, कडेचं काँक्रीट फुटून उभ्या सळ्या वाकण्याची किती, कोसळण्याची किती, असे वेगवेगळे आलेख निघतात. काँक्रीट आणि सळईची ताकद कमीजास्त असते, आणि सारख्याच तीव्रतेच्या दोन भूकंपांत तीच भिंत वेगळी वागते, म्हणून शक्यता.

पण आलेखात साइटवरचं प्रत्यक्ष काम येत नाही! आयएस १३९२० हे भूकंपासाठीच्या सळईकामाचं भारतीय मानक म्हणतं, उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत वाकवून आत घ्या. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारकडे एका कामावर परवा पाहिलं, भिंतीच्या कडेच्या रिंगा चक्क ९० अंशांत. सळ्यांवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) उडाला की त्या उघडणार आणि सळ्या बाहेर फुगणार. गणित करणाऱ्याने मात्र १३५ च धरलेले असणार.

२००१ च्या भुज भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब होतं, तरी इमारती बसल्या. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब, भिंती वरच्या मजल्यांपासून. त्यामुळे शिअर वॉल हवीच, ती पायापासून सलग हवी. २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंप-मानकाप्रमाणे आपण वडोदरेकर झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहोत. लेखकमहाशय, तुमच्या टॉवरात तळमजल्यावर ती भिंत आहे का, तेवढं सांगा.