इझाक यांचं नाव कसं राहून गेलं?

चर्च आणि ज्यूंच्या संबंधांवरचा लेख आवडला, पण "१९६५ साली व्हॅटिकनने एका ठरावाने ज्यूंशी मैत्री सुरू केली" हे वाक्य खटकलं. मैत्री अशी ठरावाने सुरू होते का हो? ज्यूल इझाक या फ्रेंच ज्यू इतिहासकाराचा उल्लेखच नाही! बायको आणि मुलगी नाझींनी मारली, तरी हा माणूस सूड वगैरे सोडून, चर्चच्या शिकवणीत ज्यूंबद्दलचा द्वेष नेमका कुठून आला ते शोधत बसला, १९४७ ला स्वित्झर्लंडमध्ये सीलिसबर्गला ख्रिश्चन लोकांबरोबर बसून चर्चने ज्यूंबद्दल कसं शिकवावं याचे दहा मुद्दे काढले, आणि १९६० मध्ये ऐंशी उलटलेली असताना रोमला जाऊन पोप तेविसाव्या जॉनना भेटला. त्यानंतर पोपनी चर्चची ज्यूंबद्दलची भूमिका तपासायचं काम कार्डिनल (चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू) बेआंकडे सोपवलं. ठराव झाला तेव्हा दोघंही हयात नव्हते, इझाकही आणि ते पोपही.

मी वसईचा, आमचे आजोबा लहानपणी चर्चच्या आल्तारवर (वेदीवर) सेवा करायचे. ते सांगायचे, गुड फ्रायडेला प्रत्येक प्रार्थनेला गुडघे टेकायचे, फक्त ज्यूंसाठीच्या प्रार्थनेला नाही. का, ते कुणाला माहीत नाही, सगळं लॅटिनमध्ये! ते गुडघे टेकणं १९५५ ला परत आलं आणि त्या प्रार्थनेतला ज्यूंना अविश्वासू म्हणणारा शब्द १९५९ ला याच पोपनी काढला, म्हणजे इझाक भेटायच्या आधीच. हे पण लिहायला हवं होतं राव.