न जन्मलेल्या माणसाचे सुतक

सप्रेम नमस्कार.

आवडते पात्र मरते तेव्हा वाचकाने ते दुःख कसे निभवावे, यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. जे कधी जन्मालाच आले नाही त्याचे सुतक धरणे हा फुकाचा हळवेपणा आहे आणि ज्यांच्या घरातले माणूस खरोखर गेले त्यांचा तो अपमान आहे, असा आपला आक्षेप आहे. त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे. ‘घरचे माणूस गेल्यासारखेच’ हे शब्द मी लिहायला नको होते. पात्र गेल्याने कोणाचा आधार तुटत नाही.

पहिला भाग मात्र पटत नाही. तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनीही १९७५ साली असे मांडले होते की, जी व्यक्ती नाहीच हे आपल्याला पक्के ठाऊक आहे तिच्या दैवाने हेलावणे ही विसंगती आहे. पण कादंबरीतल्या माणसाच्या मनात आपण चारशे पाने वावरून आलेलो असतो आणि एवढा शिरकाव आपल्याला सख्ख्या शेजाऱ्याच्या मनातही मिळत नाही. तुटते ती ही ओळख, आणि ती काल्पनिक नसते. नाट्यशास्त्राने शोक हा स्थायीभाव, म्हणजे मनातली मूळ भावना, आणि करुण हा त्यातून निष्पन्न होणारा रस, म्हणजे कलेतून मिळणारा तिचा आस्वाद, असा भेद केला आहे. मात्र पुस्तक मिटल्यावर दोन दोन दिवस जे मनात रेंगाळते, ते मला रसापेक्षा शोकाच्याच जवळचे वाटते.

लेखात सांगितलेला चष्म्याचा प्रसंग आपल्याला ‘ओढूनताणून’ वाटला. त्या कादंबरीत म्हाताऱ्या मास्तरांचा मृत्यू एका ओळीत उरकला आहे, तेथे मला रडू आले नाही. पुढच्या प्रकरणात त्यांची मुलगी दुरुस्तीला टाकलेला चष्मा घेऊन येते आणि काच नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी तो सवयीने उजेडाकडे धरते, तेथे मी पुस्तक मिटले. काही महिन्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले तेव्हा मास्तर चष्मा पुसत पुसत बोलतात अशी कितीतरी वाक्ये सापडली, जी पहिल्या वेळी नजरेतून निसटली होती. लगेच दुसरे पुस्तक हाती घेऊ नये आणि काही काळाने तेच पुन्हा वाचावे, हा माझा सल्ला या अनुभवातून आला आहे.

पात्राला परत आणून हे दुःख मिटते असेही नाही. आर्थर कॉनन डॉईल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला संपवले, तेव्हा एका बाईंच्या निषेधपत्राची सुरुवातच त्यांना ‘पशू’ म्हणून झाली होती, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. १९०३ मध्ये होम्स परतला. वाचकांचा आनंद मी समजू शकतो, तरी त्या पहिल्या मृत्यूचे वजन त्यामुळे कमी झाले, असे माझे मत आहे.

आपली एक सूचना मात्र मोलाची आहे. असे दुःख आठवडेच्या आठवडे ओसरत नसेल, झोप आणि जेवण बिघडत असेल, तर पात्राच्या आडून एखादे जुने, न बोललेले दुःख वर आलेले असू शकते आणि तेव्हा पुस्तकापेक्षा जिवंत माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोलणे गरजेचे असते. हे मी लेखात लिहिले नव्हते, आता जोडले आहे. ‘घरचे माणूस’ हे वाक्य काढून टाकले आहे. चष्म्याचा परिच्छेद तसाच ठेवतो आहे.