युगोस्लाव्हिया ‘व्हर्सायच्या टेबलावर’ जन्माला आला नव्हता

युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय असा : पहिल्या महायुद्धानंतर बड्या राष्ट्रांनी व्हर्सायला नकाशावर रेघा मारल्या, शतकानुशतकं एकमेकांचे गळे कापणाऱ्या जमाती एका देशात कोंबल्या, आणि त्यामुळे तो देश फुटणारच होता. तीन विधानं आहेत, तिन्ही कच्ची.

आधी तारखा. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याची (यालाच पुढे युगोस्लाव्हिया म्हणू लागले) घोषणा बेलग्रेडमध्ये सर्बियाचा राजपुत्र अलेक्झांडर याने केली ती 1 डिसेंबर 1918 रोजी. पॅरिसची शांतता परिषद सुरू झाली जानेवारी 1919 मध्ये. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी या राज्याला मान्यता दिली ती तर जूनमध्ये. परिषदेने सीमांवर काथ्याकूट केला हे खरं, पण देश तिने बनवला नाही.

उलट, बड्यांचे मनसुबे वेगळेच होते. इटलीला युद्धात ओढण्यासाठी एप्रिल 1915 च्या लंडनच्या गुप्त करारात इस्त्रिया आणि उत्तर डाल्मेशिया इटलीला देऊ केले होते. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या चौदा कलमांतही ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या लोकांसाठी स्वायत्ततेची भाषा होती, साम्राज्य मोडण्याची नव्हती.

आता ‘कोंबलं’ या आरोपाकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथेच आहे. हे लोक आपण होऊन वाटाघाटींना बसले होते. जुलै 1917 मध्ये कोर्फू बेटावर सर्बियाचे पंतप्रधान निकोला पाशिच आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतून निर्वासित झालेल्या दक्षिण स्लाव्ह (क्रोएट, सर्ब, स्लोव्हेन) नेत्यांच्या समितीचे आन्ते त्रुम्बिच यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. एक राजघराणं, दोन्ही लिप्यांना आणि सगळ्या धर्मांना समान दर्जा, संविधान मात्र साध्या नव्हे तर विशेष बहुमताने. राज्य संघराज्य असेल की केंद्रीभूत, हा कळीचा प्रश्न तसाच सोडून दिला. माझ्या मते सगळ्या पुढच्या भानगडींचं मूळ त्या मौनात आहे.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं आणि क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये तिथल्या दक्षिण स्लाव्हांच्या राष्ट्रीय परिषदेने स्वतंत्र राज्य जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये तिचे अध्यक्ष आन्तोन कोरोशेत्स, त्रुम्बिच, पाशिच आणि सर्बियातले विरोधी नेते जिनिव्हात भेटले. 9 नोव्हेंबरला ठरलं : सामाईक कामांपुरतं संयुक्त मंत्रिमंडळ, बाकी कारभार बेलग्रेड आणि झाग्रेब आपापला पाहतील, संविधान होईपर्यंत. पाशिचनी सही केली. काही दिवसांतच सर्बियाच्या सरकारने हा करार झिडकारला आणि पाशिचनीही हात वर केले. यात फक्त बेलग्रेडला दोष देऊन चालणार नाही. झाग्रेबच्या परिषदेतले वजनदार सर्ब नेते स्वेतोझार प्रिबिचेविच यांनाही तो नकोच होता. देश बनण्याआधीच त्याचा सर्वांत समतोल करार मोडला, आणि मोडला तो घरच्यांनीच.

मग सर्बियाशी एक होण्याची झाग्रेबने एवढी घाई का केली? इटलीचं सैन्य किनारपट्टीवर उतरत होतं, 17 नोव्हेंबरला ते रिएकात (तेव्हाच्या फ्यूमेत) शिरलं, आणि परिषदेकडे म्हणावं असं सैन्य नव्हतं. धुक्यात घुसणाऱ्या हंसांसारखे धावू नका, असं क्रोएट शेतकरी नेते स्त्येपान रादिच परिषदेच्या 24 नोव्हेंबरच्या बैठकीत सांगत होते. बैठकीने प्रतिनिधींना दोन-तृतीयांश बहुमताची अट लिहून दिली. प्रतिनिधी बेलग्रेडला गेले आणि त्या अटीवर अडून बसले नाहीत.

त्याचा हिशेब 28 जून 1921 रोजी लागला. 419 जणांच्या संविधानसभेत केंद्रीभूत राज्याचं संविधान 223 मतांनी मंजूर झालं. दोन-तृतीयांशला 280 लागली असती. रादिचचा पक्ष सभेत आलाच नव्हता. बोस्नियातल्या मुस्लिम पक्षाची मतं जमीनदारांच्या भरपाईच्या सौद्यावर मिळवलेली होती, तीही या 223 मध्येच.

राहिलं ‘शतकानुशतकांचं वैर’. 1905 मध्ये क्रोएट आणि सर्ब पक्षांनी आघाडी केली होती, आणि झाग्रेबच्या विधानसभेत पुढची अनेक वर्षं तिचा जोर होता. वैर जुनं म्हणून करार मोडले, की करार मोडत गेले म्हणून वैर वाढलं? तारखांचा क्रम पाहिला तर मी दुसऱ्या बाजूने उभा राहीन.

त्या मजकुरात एक गोष्ट मात्र बरोबर आहे, जरी लिहिणाऱ्याला ती म्हणायची नसावी : सामान्य लोकांना कोणी विचारलं नाही. सार्वमत झालंच नाही. कोसोव्होतले अल्बेनियन आणि मॅसेडोनियातले लोक तर कोर्फूत नव्हते, जिनिव्हातही नव्हते.

आणि ‘फुटणारच होता’? 1928 मध्ये रादिचवर संसदेतच गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते त्यातच दगावले. त्यापाठोपाठ राजाची हुकूमशाहीही आली. तरीही 26 ऑगस्ट 1939 रोजी पंतप्रधान त्स्वेत्कोविच आणि क्रोएट नेते माचेक यांनी करार करून क्रोएशियाला स्वायत्तता दिली. म्हणजे जिनिव्हात ठरून लगेच नाकारलेल्या गोष्टीचा मोठा भाग एकवीस वर्षांनी मान्य झाला. सहाव्या दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला.