रेकॉर्ड पातळ, म्हणून आवाजही पातळ?

जुन्या जर्मन ऑपेरातल्या बास, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाच्या, गायकांबद्दल एक मत वारंवार पुढे केलं जातं. यांचं नाव रेकॉर्ड कंपन्यांनी मोठं केलं, रेकॉर्ड ऐकली तर खर्ज कुठेच नाही, आणि गाणारे सगळे एकाच गंभीर चेहऱ्याचे. त्यांच्यातल्याच एका, पाउल क्न्युप्फर यांच्या तबकड्या ऐकून हे बोलणारे तर बरेच भेटतात. म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ.

नाव रेकॉर्डमुळे झालं, हे तारखांपुढेच टिकत नाही. एमिल बर्लिनर यांनी ग्रामोफोनचं पेटंट घेतलं १८८७ मध्ये. त्याच वर्षी क्न्युप्फर लाइप्झिगच्या ऑपेरात रुजू झाले. तिथे अकरा वर्षं काढून १८९८ मध्ये ते बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात गेले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले. धंदा रंगमंचाचा, तबकडी ही जोडकमाई.

आता खर्ज. इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण कानाला ऐकू येतं ते खोटं नाही; त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा, पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ ओढायची. या यंत्राच्या हाती ढोबळमानाने १६८ ते २,००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा लागायचा. बास गायकाचा खालचा ‘ई’ (पाश्चात्त्य सप्तकातला एक सूर) असतो ८२ हर्ट्‌झचा. म्हणजे मूळ स्वर मेणावर उमटतच नाही, उमटतात ते वरचे २४७, ३३० असे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर. त्यांच्यातलं ८२ चं अंतर ओळखून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. सूर कळतो, छातीत घुमत नाही.

दुसरं नुकसान वरच्या बाजूला. भरल्या वाद्यवृंदावरून आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो तो साधारण २,४०० ते ३,००० हर्ट्‌झच्या झळाळीमुळे. नेमकी तीच कापली गेली. खालून पाय काढले, वरून डोकं, आणि मग म्हणायचं माणूस बुटका!

त्यात वेगाची भानगड. सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७२ वर मुद्रित केलेली ७८ वर वाजवली तर लावलेला सा कोमल रिषभाच्याही वर जाऊन बसतो. बासचा बॅरिटोन (त्याच्या वरचा पुरुषी आवाज) होतो आणि आवाजातलं कंपन बकरीसारखं ऐकू येतं. रचनेची मूळ पट्टी माहीत असेल तर ती जुळेपर्यंत वेग उतरवून पाहा. दोष गळ्याचा की चाकाचा, ते लगेच कळेल. (गौहर जान यांच्या १९०२ च्या कलकत्त्यातल्या तबकड्याही जर्मनीतल्या हॅनोव्हरलाच छापल्या गेल्या. त्यांच्या बाबतीत ‘तेव्हाचं यंत्रच तसं’ म्हणून आपण सोडून देतो. जर्मन बासच्या वाट्याला ही सवलत येत नाही.)

पडताळा हवाच असेल तर अलेक्झांडर किपनिस या दुसऱ्या बास गायकाचा घ्यावा. त्यांनी कर्ण्यापुढेही गायलं आणि १९२५ नंतर मायक्रोफोनपुढेही. १९२७ मध्ये बायरॉइटला, वाग्नरच्या ऑपेरांसाठी बांधलेल्या नाट्यगृहाच्या गावी, मुद्रित झालेला त्यांचा गुर्नेमान्झ (वाग्नरच्या ‘पार्सिफाल’मधली बासची भूमिका) ऐकला की यंत्र बदलल्यावर बासचं काय होतं ते समजतं. क्न्युप्फर यांना ती संधी मिळाली नाही. नोव्हेंबर १९२० मध्येच ते वारले.

‘एकाच चेहऱ्याचे’ या आरोपाला लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाचं उत्तर पुरे. जानेवारी १९१३ मध्ये रिचर्ड स्ट्राउस यांचा विनोदी ऑपेरा ‘डेर रोझेनकाव्हालियर’ तिथे प्रथमच झालं, तेव्हा ऑक्स हा आडदांड, बायकांमागे धावणारा जहागीरदार क्न्युप्फर यांनी उभा केला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, वॉल्ट्‌झच्या चालीत गुणगुणत हा मनुष्य ज्या सुरावर उतरतो, तो तोच खालचा ‘ई’. आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये, ‘पार्सिफाल’ बायरॉइटच्या मक्तेदारीतून सुटल्याबरोबर, त्याच रंगमंचावर ते वृद्ध सरदार गुर्नेमान्झ झाले. ही भूमिका लांबलचक निवेदनांची, आणि तबकडीच्या एका बाजूवर मावायचं चारेक मिनिटांचं गाणं.