पेलेटवर गॅस सोडला म्हणून टायटॅनियम सुटत नाही

‘टायटॅनियम असलेलं लोहखनिज ब्लास्ट फर्नेसमध्ये चालतच नाही. पण त्याच्या पेलेट्सवर गॅस सोडा, एकीकडे लोखंड, दुसरीकडे टायटॅनियम. कोळसा नको, प्रदूषण नाही.’ असा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. (पेलेट म्हणजे खनिजाच्या भुकटीची गोळी, ब्लास्ट फर्नेस म्हणजे कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवणारी मोठी भट्टी.) त्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो चटकन पटतो.

पहिलंच वाक्य चूक. चीनमधल्या पांझिहुआत आणि रशियातल्या निझनी तागिलमध्ये असं खनिज कित्येक दशकं ब्लास्ट फर्नेसमध्येच वितळतंय. त्रास होतो, हे मान्य. टायटॅनियमची कार्बाइडं-नायट्राइडं तयार होतात, ती भट्टीच्या तापमानाला वितळत नाहीत आणि स्लॅग (वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी मळी) दाट होऊन नीट वाहत नाही. पांझिहुआच्या स्लॅगमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड २० टक्क्यांच्या वर असतं, तरी भट्टी चालते. इतरत्र तर भट्टीच्या तळाची झीज रोखायला थोडं इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड खनिज) मुद्दाम टाकतात!

आता मुख्य थाप. पेलेटवर गरम गॅस सोडतात त्या उभ्या भट्टीत, म्हणजे शाफ्ट फर्नेसमध्ये, साधारण ८०० ते ९५० अंशांना हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड लोहाला चिकटलेला ऑक्सिजन काढून नेतात. टायटॅनियमचा ऑक्सिजन त्यांना हलत नाही. तो धातू हवा तर आधी क्लोरीन, मग मॅग्नेशियम लागतं. केरळातल्या चवऱ्याचा टायटॅनियम स्पंजचा (सच्छिद्र धातूचा) कारखाना त्याच वाटेने जातो.

बरं, निदान ऑक्साइड तरी वेगळं मिळेल? तेही नाही. टायटॅनोमॅग्नेटाइटच्या, म्हणजे याच टायटॅनियमयुक्त लोहखनिजाच्या, कणाचा घासलेला छेद मायक्रोस्कोपखाली धरला तर इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्या आडव्यातिडव्या जाळीसारख्या दिसतात, आणि काही टायटॅनियम स्फटिकातच मुरलेलं असतं. क्षपणानंतर (ऑक्सिजन काढून घेतल्यावर) लोखंडाचे दाणे आणि टायटॅनियमची ऑक्साइडं त्याच गोळीत शेजारी-शेजारी राहतात, कारण पेलेट मुळी वितळतच नाही. पुढे विजेच्या भट्टीत वितळवा, नाहीतर दळून लोहचुंबकाने वेगळं करा. खर्च तिथे आहे, आणि मजकुरात नेमकं तेच गायब.

शिवाय हे खनिज सावकाश क्षपित होतं. वाटेत इल्मेनाइट तयार होतं आणि त्यातलं लोह सहजी सुटत नाही. पेलेट आधी हवेत नीट भाजून घेतली तर काम बरंच सोपं होतं.

‘कोळसा नको’ हे गॅसच्या शाफ्टपुरतं खरं. पण त्या गॅससाठी नैसर्गिक वायू जाळला-वापरला की कार्बन डायऑक्साइड निघणारच, कोळशापेक्षा कमी इतकंच. आणि उदाहरण म्हणून न्यूझीलंडच्या ग्लेनब्रुक पोलाद कारखान्याकडे बोट दाखवू नये: तिथे टायटॅनियमयुक्त काळ्या वाळूचं क्षपण होतं खरं, पण कोळशावर, फिरत्या भट्ट्यांत.

गंमत म्हणजे या खनिजातला खरा कमाऊ माल, व्हॅनेडियम (पोलादाला बळकटी देणारा धातू), मजकुरात कुठेच नाही. पांझिहुआ आणि तागिलला तो वितळलेल्या लोखंडात उतरतो आणि मग वेगळ्या स्लॅगमधून काढला जातो. गॅसच्या वाटेत त्याला धातूत उतरवायचं काम वितळवणाऱ्या भट्टीवर येतं. तिथे कार्बन कमी पडला तर व्हॅनेडियम स्लॅगमध्येच राहतं, आणि जास्त झाला तर तीच टायटॅनियम कार्बाइडं परत हजर.