‘ती जमीन जिंकलेलीच होती’ म्हणणाऱ्या स्नेह्यांना

मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळींत गणपतीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय. कार्यक्रम सुरू होताना ‘आपण वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत’ अशी, इथल्या मूळ रहिवाशांना मान देणारी, जी कबुली वाचली जाते, ती बंद करा, अशी त्यात मागणी आहे. कारणं अशी: जगातली प्रत्येक जमीन कुणीतरी जिंकलेलीच आहे, हे लोक भटके, त्यांची मालकी कसली, आपण काल-परवा आलो, आपला काय संबंध, उद्या हेच लोक आपली घरं मागतील, आणि मराठ्यांनी घेतलेल्या मुलखाचं मग काय? मेसेज पुढे पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे, सज्जन आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

‘जिंकलेली होती’ हा मुद्दा चटकन पटतो, पण सगळ्यांत कच्चा तोच आहे. आपण ऑस्ट्रेलिया जिंकला, असं ब्रिटिश कायद्याने कधी म्हटलंच नाही. त्यांच्याच कायद्यात जिंकलेल्या मुलखातले जुने कायदे आणि मालमत्ता, राजा त्यात बदल करेपर्यंत, चालू राहतात. दाखला आपल्या घरातलाच आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने साताऱ्याचा जाहीरनामा काढला: पेशव्याचं राज्य गेलं, पण वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं यांना धक्का लागणार नाही. पुढे इनाम कमिशनने त्यातलं बरंच काढून घेतलं हे खरं. पण त्यासाठी आधी लोकांकडे सनदा मागाव्या लागल्या. हक्क असू शकतो, एवढं तरी मान्य होतं.

इथे तेवढंही झालं नाही. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कूक निघाला तेव्हा रहिवाशांच्या संमतीने ताबा घे, असा त्याला लेखी हुकूम होता. १७७० मध्ये त्याने कुणालाही न विचारता अख्खा पूर्व किनारा राजाच्या नावावर केला. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतवाल्याने आपल्या या मेलबर्नपाशी वुरुंजेरींच्या वडीलधाऱ्यांना कांबळी, कुऱ्हाडी, सुऱ्या, पीठ असलं सामान देऊन जमिनीचा करार केला. करार लबाडीचाच होता. तरी जमीन यांची आहे, घ्यायची तर यांच्याकडूनच घ्यावी लागेल, एवढं त्यात गृहीत होतं. न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नर बर्कने त्याच वर्षी तो रद्द ठरवला, कारण जमीन सरकारची, ती विकणारे हे कोण? १८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, लिहून ठेवलं की न्यू साउथ वेल्स हा जवळजवळ रिकामाच मुलूख होता. याच ‘रिकाम्या’ मुलखात १८३८ मध्ये मायल क्रीकला मूळ रहिवाशांपैकी किमान २८ निःशस्त्र माणसं कापली गेली, त्यांत बायका, मुलं आणि म्हातारे होते.

जिंकल्याचा दावा नाही, तह नाही, सनद नाही. हा रिकामेपणाचा समज ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मोडला तो जून १९९२ मध्ये, आपल्या बेटावरच्या जमिनीचा हक्क मागणाऱ्या एडी माबोंच्या खटल्यात. माबो त्याच वर्षी जानेवारीत गेले, निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही. तेव्हा ‘जिंकली’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण इथल्या सरकारने तो दोनशे वर्षं टाळला. तो उच्चारला की निम्मी कबुली देऊन झालीच.

‘भटके होते’ हेही सरसकट खरं नाही. माबोंच्या मेर बेटावर घराघराच्या बागा होत्या, त्यांना हद्दी होत्या. आपल्या व्हिक्टोरियातच गुंडिचमारा लोकांनी बज बिमला दगडी पाट आणि बांध घालून ईल मासे वाढवले. हे काम ६,००० वर्षांहून जुनं आहे आणि २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि समजा भटके असतेच, तरी वाड्यावरच्या धनगराचं कुरण कुणी फुकट उचलावं, असं आपण म्हणू का?

‘आपला काय संबंध?’ गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो. आधी कुणाचं नाव होतं, ते कशाने कमी झालं, हे विचारतो. विचारणाऱ्यावर कुणी चोरीचा आळ घेत नाही. ही कबुली म्हणजे तेवढीच एक फेरफाराची नोंद आहे. देशातून आई-बाबा आले की आपण त्यांना कांगारू दाखवायला हील्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नेतो. ती जागा कोरांडर्क वसाहतीची. १८६३ मध्ये वुरुंजेरी आणि इतर कुळांनी ती वसवली, जंगल साफ केलं, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सची शेती पिकवली. बॅटमनच्या कराराच्या वेळी आपण लहान होतो आणि तिथे हजर होतो, असं सांगणारा विल्यम बराक इथला पुढारी. जमीन वाचवायला ही माणसं अर्ज घेऊन मेलबर्नपर्यंत चालत आली. १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या तरुणांना बाहेर काढलं, शेतीला हात उरले नाहीत, आणि १९२४ मध्ये वसाहत बंद झाली. हे कळल्यावर तिथलं तिकीट काढताना मला पहिल्यासारखं वाटत नाही.

घरांची भीती मात्र मनातून काढून टाका. ज्या जमिनीवर पक्की खासगी मालकी दिली गेली, तिथला मूळ हक्क संपला, हे माबो निकालातच आहे. टारनीटच्या तुमच्या घराला कुणी हात लावणार नाही.

नुसत्या शब्दांनी काय होतं, असं काही जण विचारतात, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांच्या सल्लागार मंडळाला सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. कृती थोडी पडतेय, म्हणून ती वाढवायची. शब्दही बंद करून काय साधणार?

राहता राहिला मराठ्यांचा मुलूख. मी नागपूरचा, तिथल्या महाल भागात वाढलो. ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. अठराव्या शतकात देवगड आणि चांदा, दोन्ही भोसल्यांकडे गेले. शाळेत मला भोसल्यांचे वाडे दाखवले, गोंडांचं नाव कॉलेजात गेल्यावर कळलं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असे शब्द आहेत. ते आपल्या संसदेने लिहिले आहेत. म्हणून मेसेजमधला तो प्रश्न मला मान्य आहे. इथल्या नागपूरकरांचा मेळावा भरेल तेव्हा पहिलं नाव बख्त बुलंद शाहचं घ्या, मी स्वतः उभा राहून घेईन. आणि गणपतीत वुरुंजेरींचं.